फुल बॉडी हार्नेस, डबल लॅनयार्डवाला: पूर्ण सीझन पत्र्यावर वापरून सांगतोय

ज्यांना फक्त घ्यावा की नको एवढंच पाहिजे त्यांना आधीच सांगतो, घ्या. पाचपैकी चार स्टार. एक स्टार हुकाच्या गंजासाठी कापलाय, त्याचं खाली लिहिलंय. पण ज्यांची स्वतःची माणसं छपरावर चढतात त्यांनी जरा शेवटपर्यंत वाचा, कारण हा पडण्यापासून वाचवणारा पट्टा घेऊन गोणीत ठेवला तर त्याचा काही उपयोग नसतो आणि आपल्याकडे बहुतेक पट्टे गोणीतच आहेत.

माझं काम पत्र्याच्या शेडचं आणि घराच्या छपरांचं. दापोली, मंडणगड, कधी दाभोळची फेरीबोट ओलांडून पलीकडे गुहागरपर्यंत. माझ्यासकट पाच-सहा जण, दोन वेल्डर बाकी हेल्पर. कौलं काढून कलर कोटेड पत्रा टाकायचा, अंगणात शेड, गोठा, पडवी वाढवणे, मे महिन्यात तर श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पावसात उघडीप मिळाली की गणपतीच्या आधी करून द्या म्हणून मुंबईकरांचे फोन चालू. अशा कामासाठी पाच हार्नेस घेतले, चिपळूणच्या एका सेफ्टीच्या दुकानातून, एक सेट २,८५० ला पडला. त्यात पूर्ण अंगाचा पट्टा, पाठीवर डी रिंग, दोन दोऱ्यांचा लॅनयार्ड, दोऱ्यांना मोठे हुक आणि मध्ये शॉक अॅब्सॉर्बरची पुडी (पडताना फाटत जाऊन झटका कमी करणारी). कंपनीचं नाव लिहीत नाही, कुठल्याही चांगल्या कंपनीचा घ्या, काय बघून घ्यायचा ते सांगतो.

त्याच दुकानात सातशे-आठशेचा पण होता. हातात घेतला तर हलका, शिलाई एकेरी, लेबल काहीच नाही. चांगल्याला लेबल शिवलेलं असतं, त्यावर आयएस ३५२१ (हार्नेसचं भारतीय मानक) लिहिलेलं पाहिजे, बनवल्याची तारीख पाहिजे, सिरीयल नंबर पाहिजे. आयएसआय मार्क असेल तर त्याच्या खालचा लायसन नंबर बीआयएस केअर नावाच्या अॅपमध्ये टाकून बघता येतो खरा आहे का, मी दुकानात उभा राहूनच बघितला, दुकानदाराला राग आला नाही उलट त्याने चहा मागवला. आणि नुसता कमरेचा बेल्ट अजून विकतात, तो पडण्यापासून वाचायला म्हणून अजिबात घेऊ नका. कमरेच्या बेल्टवर माणूस लटकला की सगळा झटका पोटावर नि मणक्यावर येतो. फुल बॉडीमध्ये तो मांड्या, छाती, खांदे यांच्यात वाटला जातो.

वापरायला कसा आहे. पहिले चार दिवस पोरांनी खूप तक्रारी केल्या. मांडीला काचतो, घामाने खाज येते, दोरी पायात येते, ग्राइंडर घेऊन वळता येत नाही. एक जण म्हणाला, दादा आम्ही लहानपणापास्नं माडावर चढतो, आम्हाला कशाला दोरी. पण आठवडाभरात सवय झाली. मांडीचे पट्टे नीट आवळले की काचत नाही, ढिले ठेवले की काचतात, हे उलटं वाटतं पण तसंच आहे. पट्टा आणि मांडी यांच्यात चपटा हात जेमतेम जाईल एवढंच. दोन दोऱ्यांचा फायदा असा की पुढे सरकताना एक हुक सोडायच्या आधी दुसरा लावायचा, म्हणजे माणूस एक क्षणही मोकळा राहत नाही. ही सवय लागायला वेळ लागतो, मी पहिला महिना खाली उभं राहून नुसता हुकांकडे बघत होतो.

आता गंज. आपल्याकडे खारा वारा, त्यामुळे हर्णै बाजूच्या कामावर दोन महिने गेल्यावर हुकाची स्प्रिंग घट्ट झाली आणि कुलपाच्या जागी तांबूस झालं. सामान किनाऱ्यावरच विकायचं तर त्याला तसं कोटिंग द्यायला पाहिजे, यात मी कंपनीला माफ करणार नाही. उपाय म्हणजे आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायचा, सावलीत वाळवायचा (उन्हात नको, पट्ट्याचा धागा उन्हाने कमजोर होतो), हुकाला मशीन ऑइलचा एक थेंब. पावसाळ्यात घडी करून पोत्यात टाकलात तर बुरशी धरतो, खुंटीला टांगून ठेवा. वेल्डिंगची ठिणगी पट्ट्यावर पडून भोक पडलं की तो पट्टा बाद. आणि एकदा माणूस त्यावर खरोखर लटकला की तो सेटच बाद, अॅब्सॉर्बरची पुडी उघडलेली असते, परत शिवून वापरायची नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानात कुणी सांगितलं नाही, मला एका कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरने सांगितलं. हा लॅनयार्ड साधारण दोन मीटरचा. माणूस पडला की दोन मीटर दोरी, मग अॅब्सॉर्बर फाटत फाटत पावणेदोन मीटरपर्यंत लांब होतो, मग पाठीच्या रिंगपासून पायापर्यंतची दीड मीटर उंची आणि वर एक मीटर राखीव. हे सगळं मिळून हुक जिथे अडकवला त्याच्या खाली सव्वासहा मीटर, म्हणजे साडेवीस फूट मोकळी जागा पाहिजे. आपल्या घरांचं आढं किती उंच असतं? पंधरा फूट, फार तर सतरा-अठरा. पागोळीकडे तर दहा. म्हणजे पायाशी हुक लावून पडलात तर पट्टा पकडायच्या आधीच जमीन येते! हे ऐकल्यावर मला घाम फुटला होता, कारण आम्ही तसाच वापरत होतो आणि निर्धास्त होतो.

कमी उंचीच्या घराला म्हणून वेगळी पद्धत. आढ्याला पक्का दोर बांधायचा, त्यावर रोप ग्रॅब (दोरावर सरकणारा, झटका बसला की चावणारा चाप) आणि लांबी अशी धरायची की माणूस पत्र्याच्या कडेपर्यंत पोचेल पण कडेच्या बाहेर जाणारच नाही. पडल्यावर पकडण्यापेक्षा पडूच न देणं. आणि जुना सिमेंटचा पत्रा असेल तर हेही पुरत नाही, कारण तिथे माणूस कडेवरून पडत नाही, पत्र्यातून आरपार खाली जातो. त्याला फळ्याच पाहिजेत, दोन-तीन पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) टेकतील एवढ्या लांब, आणि चालायचं ते फळीवरूनच. शक्य असेल तिथे खालून जाळी. आम्ही फळ्या घरीच केल्या, खाली आडव्या पट्ट्या मारून.

सिमेंटच्या पत्र्याचं मी का एवढं लिहितोय ते सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत छपरं उडाली होती, आठवत असेल. माणसं ताडपत्रीखाली, वर पाऊस सुरू, लॉकडाऊन, पत्रा मिळत नाही, जो हातोडा धरू शकतो तो छपरावर. आम्ही दिवसाला दोन-दोन घरं करत होतो. अशाच एका घरी अर्धे पत्रे शाबूत होते, शेवाळ धरलेले जुने सिमेंटचे, आणि माझा एक हेल्पर, तेव्हा बावीस वर्षांचा, जे-बोल्टच्या रेषेवरून (जिथे पत्र्याखाली पर्लिनचा आधार असतो) चालायचं सोडून मधून गेला. आवाज पण मोठा झाला नाही. चौदा फुटांवरून खाली ओटीवरच्या लादीवर. दोन्ही टाचा आणि कमरेचा मणका. तो वाचला, चालतो, पण परत शिडी चढू शकला नाही, आता रस्त्याला लागून सरबताची टपरी आहे त्याची. आंब्याच्या सीझनला आंबे पण विकतो. दवाखान्याचा खर्च मी जमेल तेवढा केला, घरमालकाने थोडा दिला, बाकी त्याच्या आईचं सोनं गेलं. त्या दिवशी आमच्याकडे एकही दोर नव्हता, फळी नव्हती, आणि मला कुणीही विचारलं नव्हतं की आहे का. कुणी विचारणार पण नव्हतं, कारण विचारायची जबाबदारी कुणावरच नव्हती. तो त्या दिवशी मला विचारूनच वर चढला होता आणि मी हो म्हणालो होतो.

तरी हार्नेस मी त्यानंतर लगेच घेतले असं समजू नका. खरं सांगायचं तर मी ते घेतले लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीचं शेड दुरुस्तीचं काम मिळालं तेव्हा. गेटवर सांगितलं, हार्नेस, हेल्मेट, बूट नसेल तर पास नाही. वर्क परमिट रोज सकाळी भरायचं, सेफ्टी ऑफिसर येऊन अँकर (हुक अडकवायची जागा) हलवून बघायचा, मग सही, मग चढायचं. दोन दिवस माझा फार संताप झाला, काम अडलं होतं. तिसऱ्या दिवशी मला जाणवलं की माझ्या पोरांकडे बघून माझ्या पोटात जो गोळा असायचा तो आज नाहीये. गेटवरचा तो माणूस फार दयाळू होता म्हणून हे करत नव्हता, तेव्हा कारखाना कायदा १९४८ चा होता, उंचीवरून पडायची शक्यता असेल तिथे बंदोबस्त करा हे त्याच्या कलम ३२ मध्ये लिहिलं होतं, सरकारी सुरक्षा संचालनालयाचा माणूस येऊन तपासू शकायचा, म्हणून कंपनी माझ्याकडून करून घेत होती. माझी स्वतःची माणसं, चौदा फुटांवरून पडलेलं पोर मी डोळ्याने बघितलेलं, आणि तरी पट्टा अंगावर चढला तो गेटवरच्या नियमाने. हे लिहायला मला बरं वाटत नाही पण हेच घडलं.

आणि तेच काम संपवून आम्ही दुसऱ्या आठवड्यात एका गावात घराच्या छपराला गेलो, हार्नेस टेम्पोत होते, आणि कुणी काढलेच नाहीत. मी पण काही बोललो नाही. मालक मुंबईहून दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेले, म्हणाले अहो अर्धा दिवस दोर बांधण्यातच घालवणार काय, पलीकडचा तर दोन दिवसांत करून देतो म्हणतोय. तेव्हा मला कळलं की अडचण पट्ट्याच्या किमतीची नाहीच. पाच सेट १४,२५०, वर दोर आणि रोप ग्रॅब धरून वीस हजारांच्या आत. सीझनला आम्ही पंचवीस-सव्वीस कामं करतो म्हणजे कामामागे आठशे रुपये सुद्धा नाही. खरा खर्च वेळेचा. पहिल्या दिवशी दोर बांधायला दोन तास, रोज सकाळी अर्धा तास, आणि पाच माणसांची हजेरी त्या वेळातही चालू असते. मी हा वेळ कोटेशनमध्ये धरला की पलीकडचा, जो दोर बांधत नाही, तो माझ्यापेक्षा स्वस्त होतो. मी एकट्याने पाळलं तर काम त्याला जातं आणि माझी पोरं उद्या त्याच्याकडे कामाला जातात, विनादोर चढतात. दोन वेळा असं झालंय.

म्हणून मला जेव्हा कुणी म्हणतं की सरकारने यात पडू नये, ज्याचं त्याला कळतं, तेव्हा मला पटत नाही. हर्णै बंदरातलं उदाहरण घ्या. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या बोटींना मासेमारी बंद, सगळ्यांना. एकट्या नाखव्याला कितीही वाटलं की खवळलेल्या समुद्रात जाऊ नये, माशांची वीण होऊ द्यावी, तरी शेजारच्याची बोट गेली की तोही जाणार, घरी पोटं आहेत. सगळ्यांच्या बोटी एकाच दिवशी वर ओढायच्या असतात म्हणून तो निवांत जाळी विणत बसू शकतो. चोरून जाणारे असतात, माहीत आहे मला. पण म्हणून बंदी उठवा असं कोळीवाड्यातलं कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. दोराचं पण तसंच व्हायला पाहिजे, सगळ्यांना असेल तर माझा दर कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.

आणि आत्ता काय आहे तर आमच्यासारख्यांसाठी जवळजवळ काहीच नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याला दहा माणसं लागायची, आणि स्वतःच्या राहत्या घराचं काम दहा लाखांपर्यंत असेल तर ते कायद्याच्या बाहेर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली, त्यात दहा माणसांची अट राहिली आणि स्वतःच्या घराची सूट दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. आमच्या भागात पन्नास लाखांवरचं घर गावात एखादं. म्हणजे वाडीवाडीत जी कामं चालतात, जिथे तीन माणसं आणि एक शिडी असते, ती सगळी बाहेर. कारखान्याची व्याख्या पण वाढली, आधी वीज असेल तर दहा कामगार, आता वीस. लहान धंद्याला त्रास नको हा हेतू मला समजतो, मी स्वतः लहान धंदेवाला आहे. पण पंधरा फुटांवरून पडणाऱ्याला त्याच्या साइटवर नऊ माणसं होती का अकरा याने काय फरक पडतो?

नियम असून होत काय, असंही विचारतात आणि ते चूक नाहीत. महाडच्या एमआयडीसीत नोव्हेंबर २०२३ ला औषधाच्या कंपनीत स्फोट झाला, कामगार गेले, तिथे तर सगळे कायदे लागू होते. लोट्यात पण असं झालेलं आपण बघितलंय. कागद भरून सही मारायची आणि बघायचं कुणीच नाही, असं झालं तर नियमाचा काही उपयोग नाही, आणि इन्स्पेक्टर पैसे खायला येतो ही भीती पण मी स्वतः बोलून दाखवलेली आहे. तरी गेटवर जो माणूस अँकर हलवून बघायचा तो मी विसरू शकत नाही. तपासणारा पाहिजे, जास्त पाहिजेत, आणि त्यांनी कागदाऐवजी हुक बघावा. घरदुरुस्तीसाठी फार मोठं काही नको, दोन मीटरच्या वर काम असेल तर दोर आणि फळी बंधनकारक, माणसं कितीही असोत, आणि जबाबदारी ठेकेदार आणि घरमालक दोघांवर. दोघांवर म्हणतो कारण मालकावर असली की तो पलीकडच्याला स्वस्तात देताना एकदा विचारेल तुझ्याकडे दोर आहे का. मोटरसायकलचं हेल्मेट विनाआयएसआय विकायला २०२१ पासून बंदी आहे, मग लेबल नसलेला सातशेचा हार्नेस दुकानात टांगलेला का असावा तेही मला कळत नाही.

आज काय करता येतं तेवढं करा. पोरांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, त्यांच्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, हार्नेस येतो. माझ्या दोघांना मिळालाय. तो घरी पेटीत कोरा ठेवला होता, मी आणायला लावला. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, बँकेतून कापून जातात, सगळ्यांचा करून घेतला. पट्ट्यावर माणूस लटकला तर त्याला पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवू नका, मांडीच्या पट्ट्यांमुळे पायातलं रक्त खालीच अडकतं आणि शुद्ध जाते, खाली उतरवायची शिडी आधीच कुठे ठेवलीय ते ठरवून ठेवा. आम्ही महिन्यातून एकदा करून बघतो.

आणि हो, आता कोटेशनमध्ये दोराचा वेळ वेगळी ओळ करून लिहितो, "सुरक्षा दोर बांधणी" म्हणून, मालकाला तोंडी समजावतो का. काही जण ती ओळ खोडायला सांगतात, ते काम मी घेत नाही. यंदा अशी चार कामं गेली. एका काकूंनी मात्र ओळ वाचून स्वतःहून विचारलं की खालून जाळी पण लावणार ना, त्यांच्या माहेरी कुणी पडलं होतं.

साइजचं एक राहिलं. फ्री साइज म्हणून देतात तो मध्यम बांध्याच्या माणसाला बसतो. माझ्याकडे नवीन आलेला पोरगा बारीक आहे, मांडीचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढला तरी हात सहज आत जातो. त्याच दुकानात लहान साइजचा एक आणि अजून एक साधा असे दोन सेट सांगितलेत, गुरुवारी येतील म्हणाले. तोपर्यंत तो खाली पत्रे मापून कापतोय.